दप्तर : डोक्यावरचे, पाठीवरचे आणि मेजावरचे

मराठीत ‘दप्तर’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. मूल पाठीला अडकवून शाळेत येते तेही दप्तर, आणि कचेरीच्या कपाटात वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले कागद तेही दप्तर. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ दुसरा. पहिला अर्थ त्याला शाळांमुळे पुढे चिकटला. आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत पाठीवरच्या दप्तराविषयी पुष्कळांनी लिहिले असेल. आम्ही कचेरीतल्या दप्तराविषयी लिहावयाचे ठरविले आहे. दर शनिवारी दुपारी नववी-दहावीची मुले-मुली आणि शाळा सोडून गेलेले काही जण यांच्यासाठी कचेरीच्या कामाचा एक वर्ग आम्ही चालवितो, आणि या वर्गाविषयी आम्हांला वारंवार एक प्रश्न विचारला जातो.

प्रश्न असा : बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात होण्यास सांगितले असता तुम्ही मुलांना कारकुनी का शिकविता? विचारणारे बहुधा आपलेच, चळवळीत केस पांढरे केलेले लोक असतात. त्यांचा रोख आम्हांस समजतो. आपल्या मुलांनी दुसऱ्याने सांगितलेले लिहून काढण्यात आयुष्य घालवू नये, ही त्यांची कळकळ आहे. परंतु शासन म्हणजे काय आणि ते कोठे बसते, याविषयी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस काही वेगळे दिसते. ते येथे मांडतो.

आमचे आजोबा महाड तालुक्यातील एका गावी येसकर होते. वतनदार महाराची जी कामे गावगाड्यात ठरलेली होती, ती पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते : त्यांतील निम्मी कामे प्रशासनाचीच होती. साऱ्याची रक्कम ठाण्यात पोचविणे, अंमलदाराचे टपाल या गावाहून त्या गावी नेणे, फिरतीवर आलेल्या साहेबाचे सामान आणि कागदांचे गाठोडे वाहणे, शिवेचा तंटा उद्भवला की खूण दाखवून साक्ष देणे. गावाची सीमा महाराच्या स्मरणात असे आणि त्याचे म्हणणे त्या बाबतीत प्रमाण मानले जाई. मात्र ते स्मरण कागदावर उतरविण्याची विद्या त्याला कोणी दिली नाही. दप्तर त्याच्या डोक्यावर होते. ते उघडण्याचा अधिकार नव्हता. हे वतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. ते वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या पश्चात.

दप्तर उघडणारे लोक कोण होते, हे मुलांना सांगण्यासाठी आम्ही फळ्यावर काही आडनावे लिहितो : चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, मुजुमदार, कुलकर्णी, देशपांडे. मुले ही नावे रोज ऐकतात. ती मुळात कचेरीतील पदे आहेत हे समजले की त्यांना नवल वाटते. एखादे काम आडनाव होऊन बसते, तेव्हा ते शिकविण्यासाठी शाळेची गरज उरत नाही. मुलगा बापाच्या मांडीवर बसून मोडी वळण गिरवितो, हिशेब आणि पत्रलेखन यांचे नियम सांगणारी मेस्तके घरातच असतात, आणि कोणत्या अंमलदाराला कोणता मायना लिहावा हे त्याला जेवताना कानावर पडून कळते. आज ज्याला कार्यालयीन कौशल्य म्हणतात, ते शतकानुशतके असे घरगुती धन होते. आपल्या मुलांच्या घरी ते नव्हते, म्हणून ते शाळेत असले पाहिजे. आमच्या वर्गाचे मूळ कारण एवढेच आहे.

ही कल्पना आमची नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली होती. तिच्यात मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे आहे, हिशेब आहे, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडेही आहेत. बाळबोध तर होतेच, मोडी कशासाठी? कारण सावकाराचा रोखा, कुलकर्ण्याची पावती आणि मामलेदाराचा हुकूम मोडीत असे. ज्या लिपीत आपल्यावर अन्याय लिहिला जातो ती लिपी शेतकऱ्याच्या मुलाला वाचता आली पाहिजे, हे जोतीरावांनी ओळखले होते. पुढे १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. वंशपरंपरेने चालणारे दप्तर प्रशिक्षणाने मिळविण्याचे काम झाले. राज्यकारभारात यापेक्षा मोठी क्रांती क्वचितच एवढ्या शांतपणे घडली असेल.

आणि बाबासाहेबांचा अनुभव तर सर्वांस ठाऊक आहे. १९१७ साली विलायतेहून परतून ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर नस्त्या लांबून फेकीत. शहरात राहावयास जागा मिळेना, म्हणून पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही निघावे लागले. त्या माणसाने पंचवीस वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी सविस्तर निवेदन सादर केले. सरकारी नोकऱ्यांतील वाटा हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. ज्यांना फेकलेली नस्ती उचलावी लागली होती, त्यांनी नस्तीची ताकद कमी लेखली नाही. कायदा सभागृहात होतो. तो एखाद्या विधवेच्या दारी पोचतो की वाटेत अडतो, हे मेजावर ठरते. तेथे आपला माणूस असावा, तो जाणता असावा आणि तो आपले कुळ न विसरणारा असावा, अशी त्यांची इच्छा होती. शिकलेल्यांनी पाठ फिरविली ही खंत त्यांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखविली. ती खंतही आम्ही वर्गात सांगतो. कौशल्य देताना ती झाकून ठेवणे योग्य नाही.

आता आपल्या परिसराकडे येऊ. सालवडच्या मुलाला कचेरी म्हणजे काय हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. तारापूरचा अणुविद्युत प्रकल्प १९६९ साली सुरू झाला, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, आणि रासायनिक, औषधी, पोलाद व कापड उद्योगांचे कारखाने बोईसरभोवती उभे राहिले. आमचे वडील त्याच ओघात येथे आले. भातशेती व बागायत करणाऱ्या गावांच्या मधोमध हजेरीपट, गेटपास, चलन आणि पावती यांचे जग आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. तोपर्यंत जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागे आणि एका सहीसाठी मजुराची दोन दिवसांची मजुरी बुडे. कचेरी जवळ आली खरी. पण जवळ आलेल्या कचेरीत शिरताना पाय अडखळावयाचे थांबले असे नाही.

या भागात कागदाची भीती का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातील वारली कुटुंबे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकार-जमीनदारांच्या घरी ‘लग्नगडी’ म्हणून राबत. कर्ज किती, फिटले किती, हे जमीनदाराची वही सांगे. १९४५ साली झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली, त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे पणजोबा त्या काळात अंगठा उठवीत होते. ज्या घराने कागदाकडून केवळ फसवणूक पाहिली, त्या घरातील मुलीच्या हाती आपण नोंदवही देतो, तेव्हा आपण तिला निव्वळ नोकरी मिळवून देत नसतो.

आमच्या वर्गात काय शिकवितो, ते थोडक्यात सांगतो.

पहिला धडा आवक-जावकाचा. आलेल्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी क्रमांक आणि दिनांक पडला पाहिजे, आणि देणाऱ्याला पोच मिळाली पाहिजे. मुलांना हे फार क्षुल्लक वाटते. मग आम्ही त्यांना कायदा समजावून देतो. महाराष्ट्रात विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा कायदा सांगतो की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने उत्तरासाठी तीस दिवस दिले. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदती लावल्या, विलंबावर अपील दिले आणि दंडही ठेवला. या सर्व मुदती कोठून मोजावयाच्या? कागद मिळाल्याच्या तारखेपासून. अर्जावर शिक्का नसेल तर तो कधी आला हे दाखविणे अवघड होते. खिडकीच्या आत बसलेल्याने पोच द्यावी आणि बाहेर उभ्या असलेल्याने ती मागावी, असे दोन्ही बाजूंचे शिक्षण आम्ही देतो; कारण आज बाहेर उभे असलेले मूल उद्या आत बसणार आहे.

दुसरा धडा कागद लावण्याचा. आपल्या राज्यातील कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत जुनी आहे : हाती घ्यावयाची प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणे, कायम लागणारे आदेश, अभिलेखात जाणारी आणि नष्ट करावयाची. संगणकावरही हीच सहा घरे करता येतात. ज्याला हवा तो कागद दोन मिनिटांत काढता येतो, त्याला वरिष्ठ टाळू शकत नाहीत, हे आम्ही कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

तिसरा टिपणी आणि मसुद्याचा. टिपणीत तीनच गोष्टी हव्यात : वस्तुस्थिती काय, नियम काय, प्रस्ताव काय. विशेषणे गाळावीत. मसुदा असा असावा की तो वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा वाचावा लागू नये. येथे आम्ही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत झालेल्या बाबासाहेबांच्या भाषणाचा एक दुर्लक्षित भाग सांगतो. संविधानाच्या मसुद्याचे श्रेय आपणांस दिले जाते, पण त्यात बी. एन. राव यांचा आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा वाटा आहे, असे त्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव साध्या व स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याची मुखर्जींची हातोटी त्यांनी वाखाणली. त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत काम केले, याचीही त्यांनी आठवण ठेवली. देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दिवसांपैकी एका दिवशी त्यांनी कचेरीतील माणसांचे ऋण मानले. ‘कारकुनी का शिकविता’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला त्या भाषणात सापडते.

चौथा धडा इतिवृत्ताचा. सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्याने जे ठरले तेच लिहावे. जे ठरावयास हवे होते ते लिहू नये. कोण उपस्थित होते, स्थळ कोणते, निर्णय काय, तो अमलात कोण आणणार आणि केव्हापर्यंत. पाली वाङ्मयात ‘इतिवुत्तक’ नावाचा एक ग्रंथ आहे. परंपरा सांगते की कोसंबीच्या राणी सामावतीची दासी खुज्जुत्तरा हिने बुद्धांची प्रवचने ऐकून, नीट स्मरणात ठेवून, अंतःपुरातील स्त्रियांना ती जशीच्या तशी सांगितली. त्यांचा हा संग्रह होय. राणीला बाहेर जाता येत नव्हते, म्हणून दासी तिचे कान झाली. आपल्या मुलींना ही कथा फार आवडते. ऐकलेले न वाढविता, न घटविता पुढे देणे हा केवढा मोठा विश्वास आहे, हे त्यांना त्यातून उमगते.

पाचवा हिशेबाचा. येथे आम्ही इतिहासाचा शिक्षक असल्याचा थोडा फायदा घेतो. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले : २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. मुले वहीत मांडतात : २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, वीस गुणिले बारा, तेही २४०. हिशेब पै न् पै जुळतो. एवढ्यावर न थांबता ही देणगी निगमसभेत वाचून दाखविली आणि फलकवारात, म्हणजे नोंदणीच्या दप्तरात, नोंदविली, असेही लेखात आहे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात ज्या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्यांची नावे आहेत. त्यांत आपल्या डहाणूची नदीही आहे. दान तोंडी केले तर ते दात्याबरोबर जाते. नोंदविले तर ते टिकते.

सहावा यंत्राचा. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० ही लिपिकाच्या जागेसाठीची अट आमच्या तरुणपणीही होती आणि आजही आहे. गोदरेजच्या खणखणत्या यंत्राची जागा संगणकाने घेतली एवढेच. आम्ही युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट यांचाच आग्रह धरतो. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची चिन्हे होतात आणि तो शोधताही येत नाही. एक्सेलच्या तक्त्यात बँक खात्याचा क्रमांक साधी संख्या म्हणून भरला तर आरंभीची शून्ये गळून पडतात, आणि एका गळलेल्या शून्यापायी एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती परत जाते. तारखेत दिवस आधी की महिना आधी, हे तक्ता करण्यापूर्वी ठरवून घ्यावे लागते. या गोष्टी बारीक आहेत, पण माणसाचे पोट त्यांच्यावर अवलंबून आहे. टंकलेखनाला हलके समजणाऱ्यांना आम्ही नानकचंद रत्तू यांचे नाव सांगतो. पंजाबातून आलेला हा तरुण दिल्लीच्या सरकारी कचेरीत दिवसभर नोकरी करी आणि सुटल्यावर बाबासाहेबांच्या घरी जाऊन त्यांचे लेखन टंकलिखित करी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली जगापुढे आला, त्यामागे त्या बोटांचे श्रम आहेत.

सातवा आणि शेवटचा धडा माणसाशी बोलण्याचा. आपल्या जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ साली, म्हणजे जोतीरावांच्या निवेदनाच्याच वर्षी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच लेखमालेतील सहाव्या लेखात अशोक म्हणतो की आपण जेवत असो, अंतःपुरात असो की उद्यानात असो, प्रजेचे काम घेऊन येणाऱ्याने केव्हाही यावे. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य ऐकण्याची सवय असलेल्या मुलांना हे ऐकून हसू येते. चौदाव्या लेखात लिपिकाराच्या चुकीने काही मजकूर अपुरा राहिला असेल, असे सम्राटाने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आणि कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लिपिकाराने आपले नाव कोरले. अशोकाच्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. एका लेखनिकाचे नाव मात्र राहिले आहे.

हे सात धडे कोणत्याही संस्थेत शिकता येतील. आपल्या विद्यालयात त्यांना जो अर्थ येतो तो आमच्या स्वतःच्या कपाटातून येतो. शाळेचे जनरल रजिस्टर आम्ही अनेक वर्षे सांभाळले आहे. त्याची जुनी पाने उलटली की निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा दिसतो. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख देत. ती तारीख माणसाच्या निवृत्तीपर्यंत आणि पेन्शनपर्यंत त्याच्यामागे चालते. जातीच्या रकान्याची कथा याहून गंभीर आहे. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारला जातो. घाईत लिहिणाऱ्याने ‘मल्हार कोळी’च्या जागी नुसते ‘कोळी’ लिहिले, तर आदिवासी मुलाचा हक्क त्या एका गाळलेल्या शब्दापाशी अडतो.

आणि आपल्या धम्मबांधवांचे दुःख आणखी निराळे. १९५६ नंतर कित्येक आईबापांनी ताठ मानेने मुलांच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ लिहविले. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९०च्या दुरुस्तीने. तोपर्यंत एक पिढी निघून गेली होती. आज नातवाच्या पडताळणीसाठी आजोबांचा ‘महार’ असा उल्लेख असलेला जुना कागद शोधावा लागतो, आणि वंशावळ जोडून तो आजचा ‘बौद्ध’ त्याच घरातला आहे हे सिद्ध करावे लागते. जी जात टाकून दिली, तिचाच पुरावा जपून ठेवावयाचा! आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले होते, “सर, बाबासाहेबांनी जे पुसले ते आम्ही परत कागदावर का आणायचे?” त्यांचे समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. एवढेच सांगता आले की न्याय मिळेपर्यंत अन्यायाची नोंद जपावी लागते. त्यांनी नातवाचा अर्ज भरला, पण सही करताना बराच वेळ लेखणी हातात धरून बसले. हा रकाना भरणारा कारकून जर त्या थबकलेल्या हाताचा अर्थ जाणणारा असेल, तर तो वृद्धाला खिडकीवर ताटकळत ठेवणार नाही. आम्हांला असा कारकून घडवावयाचा आहे.

शेवटी एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता हा वर्ग फार सोयीचा वाटेल. आमची एक विद्यार्थिनी, वारली कुटुंबातील पहिली पदवीधर, एका कारखान्याच्या टाईम ऑफिसमध्ये लागली. काम हजेरीपटाचे. एके दिवशी ठेकेदाराच्या एका कामगाराचा हात यंत्रात सापडला. त्या दिवसाच्या हजेरीत त्याचे नाव नव्हते. ते तसेच राहू द्यावे आणि पटाखाली सही करावी, असे तिला तोंडी सांगण्यात आले. गेटच्या नोंदवहीत त्याची आत येण्याची वेळ होती. तिने सही केली नाही. त्या कामगाराला भरपाईसाठी दावा करता आला तो त्या गेटच्या नोंदीच्या आधारे. तिला मात्र महिनाअखेरीस येऊ नको असे सांगण्यात आले. तिची आई आमच्याकडे आली. म्हणाली, “सर, तुम्ही पोरीला खरं लिहायला शिकवलंत. बरं केलंत. पण आता घरात पगार येत नाही, त्याचं काय ते पण सांगा.”

सात महिने ती मुलगी घरी होती. आता एका पतपेढीत आहे, पहिल्यापेक्षा कमी पगारावर. तिच्या आईचा प्रश्न खरा आहे आणि गरिबाच्या घरातील प्रामाणिकपणाची किंमत श्रीमंताच्या घरातल्याहून जास्त असते, हे आम्ही नाकारीत नाही. त्या घटनेनंतर आम्ही वर्गात आणखी एक धडा घातला : चुकीचे काम सांगितले गेले तर काय करावे. आदेश लेखी मागावा. आपले म्हणणे दिनांक घालून नम्र शब्दांत लिहावे. त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. एकट्याने उभे राहण्याआधी सोबत कोण आहे ते पाहावे, आणि आपण ज्या शाळेत शिकलो तेथे येऊन सांगावे. सम्यक आजीविका हा शब्द प्रार्थनेत म्हणणे सोपे आहे. ती घडते हजेरीपटाच्या तळाशी, सहीच्या जागेवर.

कामाची साधने तर आता आणखी बदलत आहेत. शासकीय कचेऱ्यांत ई-ऑफिस आले. नस्ती पडद्यावर फिरते आणि ती कोणाकडे किती दिवस होती हे लपत नाही. पत्राचा मसुदा क्षणात लिहून देणारी यंत्रेही आली. मुले विचारतात, मग आम्ही मसुदा कशाला शिकायचा? आम्ही सांगतो की यंत्र वाक्य लिहील, पण गेटच्या नोंदवहीत वेळ होती की नाही हे जाऊन पाहणार नाही. त्या पत्राखाली ज्याची सही असेल, जबाब त्यालाच द्यावा लागेल. जो स्वतः मसुदा लिहू शकतो, त्यालाच दुसऱ्याने लिहिलेल्या मसुद्यातील खोट दिसते.

ज्येष्ठांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता पूर्ण झाले. शासनकर्ती जमात व्हावयाचे असेल तर शासन ज्या मेजावरून चालते त्या मेजाचे काम आले पाहिजे. मंत्री पाच वर्षांनी बदलतो. हजेरीत कोणाचे नाव आहे, कोणाच्या अर्जाला पोच मिळाली आणि कोणाच्या जातीच्या रकान्यात कोणता शब्द पडला, हे रोज ठरत असते. ते ठरविणाऱ्या हाताला विद्या हवी, शील हवे आणि करुणाही हवी.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आज जिल्हा परिषदेत, तहसील कार्यालयात, बँकेत, रेल्वेत, तारापूरच्या कारखान्यांत आणि ग्रामपंचायतींच्या संगणकांपुढे बसला आहात. आम्ही निवृत्तीच्या जवळ आलो आहोत आणि आमचे संगणकाचे ज्ञान तुमच्यापुढे तोकडे आहे. वर्षातील एक शनिवार या वर्गाला द्या. येताना आपल्या कचेरीतील एक कोरा नमुना अर्ज आणा, तो कोणत्या रकान्यात लोक अडतात ते मुलांना दाखवा, आणि त्या रकान्यापाशी अडलेल्या माणसाशी तुम्ही कसे बोलता तेही सांगा. शनिवारी दुपारी दोन वाजता वर्ग सुरू होतो. बोईसर स्थानकापासून सालवडपर्यंत रिक्षा मिळते.

जय भीम.